लग्नाचें चलच्चित्र आणि त्यांतील आवाज

कार्तिकांत तुळशीचें लग्न लागलें कीं पुण्यांतील मंगल कार्यालयांच्या दारांवर वधूवरांच्या नांवांच्या पाट्या झळकूं लागतात आणि घरोघर याद्या होऊं लागतात. गुरुजी, आचारी, वाजंत्री, फुलें, अहेर, या जुन्या यादींत गेल्या चाळीस वर्षांत एका नव्या माणसाची भर पडली आहे. तो म्हणजे चलच्चित्रण करणारा. पूर्वीं तो एकटाच येई. खांद्यावर जड यंत्र, मागें प्रखर दिवा धरून उभा असलेला एक पोऱ्या आणि पंगतींतून सरपटत जाणारी वायर, असें त्याचें लटांबर असे. आतां तो चारपांच साहाय्यकांसह येतो व प्रसंगीं आकाशांत फिरणारें यंत्रहि बरोबर आणतो. त्याचा मोबदला गुरुजींच्या दक्षिणेच्या कित्येक पट असतो. पण त्याबद्दल कुरकुर करण्याचें हें स्थळ नव्हे. एका वाचक भगिनींनीं विचारलें आहे कीं, येत्या माघांत घरांत लग्न आहे, मुलगा व होणारी सून दोघेंहि चित्रणाविषयीं आग्रही आहेत, तर त्या दृष्टीनें घरानें आणि वधूवरांनीं तयारी काय करावी? प्रश्न रास्त आहे, आणि वडील मंडळींनीं नाक मुरडून तो टाळणें बरें नव्हे.

अगोदर थोडा इतिहास सांगतों, कारण त्यांतच उत्तराचें बीज आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं चलच्चित्राचें यंत्र मुंबईंत आणलें आणि १९०१ सालच्या डिसेंबरांत एक कौतुकाचा प्रसंग टिपला. केंब्रिजला १८९९ सालीं सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे स्वदेशीं परतले, तेव्हांचें तें स्वागत होतें. हेच परांजपे पुढें आपल्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. घरचा मुलगा यश मिळवून आला, चार माणसें जमलीं, हार घातले गेले, आणि तें दृश्य जतन करावें असें कोणाला तरी वाटलें. लग्नाच्या चित्रणामागील भावना याहून निराळी ती कोणती? परंतु त्या स्वागतांतील एकहि शब्द त्या फितीवर उतरणें शक्य नव्हतें. चित्र मुकें होतें. मराठी चित्रपटाला वाचा फुटावयास १९३२ साल उजाडावें लागलें. 'अयोध्येचा राजा' हा प्रभात कंपनीचा बोलपट त्या वर्षीं निघाला, आणि पुढच्याच वर्षीं ती कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली.

याच पुण्यांत, प्रभातच्या आवारांत, १९३७ सालीं 'कुंकू' तयार झाला. नारायण हरि आपटे यांच्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं केलेला हा बोलपट एका अन्याय्य विवाहाची कथा सांगतो, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्याची एक विशेष गोष्ट नव्या पिढीच्या कानीं फारशी नसते. त्यांत पार्श्वसंगीत योजलेलें नाहीं. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा, पावलांचा, रस्त्यावरचा, जो आवाज प्रसंगांत असेल तोच प्रेक्षकांस ऐकावयास मिळतो. ज्यांच्या हाताशीं उत्तम वाद्यवृंद होता त्या मंडळींनीं समजून उमजून तो बाजूस ठेवला, आणि म्हणूनच त्या घरांतील गुदमर आपल्या अंगाशीं येते.

आणि आज काय होतें? लग्नानंतर चारसहा महिन्यांनीं जी फीत हातीं पडते तींत आरंभापासून अखेरपर्यंत कोणत्या तरी हिंदी चित्रपटाचें गाणें वाजत असतें. गुरुजींचे ओठ हलतात, वधूपिता कांहीं तरी म्हणत असतो, मावशी हात जोडून मंगलाष्टक म्हणत असते, पण ऐकूं कांहींच येत नाहीं. सावेदादांना आवाज मिळूं शकत नव्हता. आपल्याला तो मिळतो आणि आपण पैसे देऊन पुसून घेतों.

हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मीं लेखणी उचलली नसती. आपला विवाहसंस्कार पाहण्यापेक्षां ऐकण्याचा अधिक आहे. कन्यादानाचा संकल्प घ्या. त्या वेळीं दोन्ही कुळांचें गोत्र व प्रवर उच्चारून वराचा प्रपौत्र, पौत्र, पुत्र या नात्यानें आणि वधूचा प्रपौत्री, पौत्री, पुत्री या नात्यानें तीन तीन पिढ्यांच्या नांवांनिशीं उल्लेख होतो. पणजोबांचें नांव आजच्या किती तरुणांस सांगतां येईल? माझ्या अनुभवानें दहांत दोघांस. एरवीं तें नांव श्राद्धपक्षाला वडिलांच्या तोंडीं येतें, आणि हल्लीं तेंहि सर्वत्र येत नाहीं. पण लग्नाच्या दिवशीं, भर मांडवांत, मुलीच्या हातावर पाण्याची धार पडत असतां, बापाचा आवाज किंचित् कापत असतां, तें नांव मोठ्यानें घेतलें जातें. त्यापाठोपाठ धर्म, अर्थ आणि काम यांविषयीं तीनदां विचारणा होते आणि वरानें तीनदां 'नातिचरामि', म्हणजे मी हिचा अतिक्रम करणार नाहीं, असें उत्तर द्यावयाचें असतें. हे दोनचार मिनिटांचे शब्द ज्या फितींत नाहींत ती कितीहि झगझगीत असली तरी त्या घराची नव्हे. कोणत्याहि घराची म्हणून ती खपेल.

म्हणून पहिली तयारी ही कीं, मुहूर्ताच्या आठ दिवस आधीं वधूवर, गुरुजी आणि चित्रण करणारा यांची एकत्र बैठक व्हावी. चित्रण करणारे हे बहुधा हुशार व कष्टाळू तरुण असतात. त्यांना विधींचा क्रम कोणी सांगितलेलाच नसतो हा त्यांचा दोष नव्हे. गुरुजींनीं एका कागदावर क्रम लिहून द्यावा आणि कोणत्या विधीस अदमासें किती वेळ लागेल तेंहि लिहावें. गुरुजींच्या उपरण्याला लहानसा ध्वनिग्राहक लावावा आणि दुसरा वधूपित्याजवळ असावा. कॅमेऱ्यावरच्या ध्वनिग्राहकावर विसंबूं नये, कारण तो गुरुजींपेक्षां मागल्या रांगेंतील गप्पाच अधिक इमानानें टिपतो. कार्यालयाच्या व्यवस्थापकांस सांगून ठेवावें कीं कन्यादान व सप्तपदी चालूं असतां ध्वनिक्षेपकावरची सनई बंद राहील आणि "पहिली पंगत बसते आहे" ही घोषणा पांच मिनिटें थांबेल. वरानेंहि 'नातिचरामि' हें मित्रांकडे पाहून हसत, ओठांतल्या ओठांत म्हणूं नये. गुरुजींकडून अर्थ समजून घेऊन दोन दिवस आधीं मोठ्यानें म्हणून पाहावें. ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीनें विवाह लावणारीं पुरोहित मंडळी, त्यांत स्त्रियाहि आहेत, प्रत्येक विधीचा अर्थ मराठींत सांगतात. तेथें तर हा आवाज जपणें दुप्पट अगत्याचें.

जागेचाहि विचार आधीं व्हावा. होमाच्या वेळीं वधूवर पूर्वेकडे तोंड करून अग्नीच्या पश्चिमेस बसतात. सप्तपदीसाठीं तांदुळाच्या सात राशी अग्नीच्या उत्तरेच्या अंगाला मांडतात, आणि नेमकी तीच जागा मोकळी दिसली म्हणून चित्रण करणारा आपली तिवई तेथें रोवून बसतो. मग ऐन वेळीं धांवाधांव. अंतरपाट कोणत्या बाजूस ओढला जाणार हेंहि विचारून ठेवावें, म्हणजे त्या बाजूस कोणी उभा राहणार नाहीं. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनांचा आहे. त्यामुळें कार्यालयांतील कित्येक दिव्यांखालीं चित्रांत पट्टे सरकतांना दिसतात. यंत्राचा उघडझांपीचा काळ सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला कीं हा दोष बहुधा टळतो. जाणता माणूस हें करतोच. पण आदल्या दिवशीं कार्यालयांत जाऊन दिवे पाहून ये, असें त्याला सुचवावयास हरकत नाहीं. गोरज मुहूर्त असेल तर प्रकाशाची तजवीज अधिक काळजीपूर्वक करावी, कारण त्या वेळीं उजेड क्षणाक्षणाला उतरत असतो.

आतां पुनरावृत्तीविषयीं. गेल्या वैशाखांत सदाशिव पेठेंतील एका कार्यालयांत लाजाहोम चालूं होता. वधूच्या धाकट्या भावानें बहिणीच्या ओंजळींत लाह्या घातल्या, तिनें त्या अग्नींत सोडल्या, आणि नेमका धूर मध्यें आला. चित्रण करणारा नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, तेवढ्या लाह्या परत एकदां टाकायला सांगतां का?" गुरुजींनीं वर पाहिलें आणि म्हणाले, "बाळ, आहुति पोंचली. आतां ती परत कोणाकडून आणूं?" तो मुलगा ओशाळला, सगळे हसले, आणि भाऊ रिकामें सूप घेऊन तसाच उभा राहिला. त्या हंशांत कोणाचा अपमान नव्हता. पण गुरुजींनीं रेघ ओढली ती बरोबर जागीं ओढली. हार पुन्हां घाला, उखाणा पुन्हां घ्या, सूनमुख पाहतांना आरसा चार वेळां धरा, कानपिळीच्या वेळीं मेव्हण्याला दोनदां कान पिळूं द्या. वराची तक्रार नसली म्हणजे झालें. या गोष्टी लौकिक आहेत. अंतरपाट, कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम आणि सप्तपदी यांना मात्र दुसरी खेप नाहीं. तेथें यंत्रानें संस्काराच्या मागून चालावें. धूर आला तर धुरासकट तें चित्र खरें आहे.

सप्तपदीविषयीं एक शब्द अधिक लिहितों, कारण येथें गोष्ट धर्मापाशीं थांबत नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमानें, जेथें विधींत सप्तपदी अंतर्भूत आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. २०२४ सालच्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका प्रकरणांत निकाल दिला कीं, आवश्यक विधि झालेच नसतील तर नोंदणीचा दाखला हातीं असला तरी तो हिंदु विवाह ठरत नाहीं. विवाह म्हणजे नाचगाणें आणि खाणेंपिणें यांचा समारंभ नव्हे, असेंहि न्यायालयानें तरुण मंडळींस बजावलें. आणि इकडे आपण काय पाहतों? स्वागतसमारंभापूर्वीं छायाचित्रांना तासभर हवा म्हणून गुरुजींना "जरा आटोपतें घ्या" असा निरोप जातो, आणि आटोपतें घेतलें जातें तें होमांत. अन्न, बल, धन, सुख, संतति, ऋतु आणि सख्य, अशीं सात पावलें आहेत. शेवटचें पाऊल सख्याचें आहे हें किती मार्मिक! वधूचें उजवें पाऊल प्रत्येक राशीवर पडतांना जवळून टिपावें. तेवढ्यासाठीं एक माणूस आधींच खालीं बसवावा. त्या सात पावलांना फार तर पांच मिनिटें लागतात. छायाचित्रांचा तास पाऊणतासाचा केला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

मंगलाष्टकांच्या वेळीं खरी अडचण पाहुण्यांची असते. अक्षता टाकावयास सगळे पुढें सरसावतात, प्रत्येकाच्या हातीं मोबाइल असतो, आणि ज्या क्षणीं अंतरपाट दूर होऊन तीं दोघें एकमेकांस पाहतात त्या क्षणीं चित्रांत पन्नास पाठी दिसतात. घरांतील दोन दणकट भाच्यांस वाट मोकळी ठेवण्याचें काम द्यावें. मंगलाष्टकें कोण कोण म्हणणार याची यादी आधीं करून त्या प्रत्येकाच्या हातीं ध्वनिक्षेपक पोंचेल असें पाहावें. आत्यांचा आवाज बारीक असतो आणि त्यांचें मंगलाष्टक बहुधा स्वतः रचलेलें असतें, तें हरवूं नये. (शार्दूलविक्रीडितांत बाराव्या अक्षरावर यति येतो हें कोणी पाळील तर जुन्या शिक्षकाला बरें वाटेल, पण हल्लीं मंगलाष्टकें चित्रपटगीतांच्या चालींवर म्हणतात, तेथें यतीचें काय घेऊन बसावें!)

सकाळच्या विधींकडे तर चित्रणवाल्यांचें लक्षच नसतें. पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, देवकस्थापना हें चालूं असतां सगळीं यंत्रें वधूच्या शृंगाराच्या खोलींत गुंतलेलीं असतात. कुंचल्यानें गाल रंगविले जात आहेत, हें दृश्य अर्धा तास टिपून ठेवण्याजोगें आहे असें मला वाटत नाहीं. कोणास वाटत असेल तर वाद घालणार नाहीं. परंतु सकाळीं पाटावर आईवडील बसलेले असतात, शेजारीं आजोबा खुर्चीवर असतात, गौरीहरापाशीं मुलगी पिवळ्या अष्टपुत्रींत एकटीच बसलेली असते. दुपारपर्यंत आजोबा दमून आंतल्या खोलींत निजतात आणि मग साऱ्या फितींत त्यांचें दर्शन होत नाहीं. म्हणून एका यंत्रानें सकाळीं पहिल्या संकल्पापासून हजर राहावें आणि वडीलधाऱ्यांची एक यादी त्याच्याजवळ असावी. लग्नापूर्वीं सिंहगडावर किंवा खडकवासल्याच्या काठीं जाऊन वधूवरांचें चित्रण करण्याची चाल पडली आहे, तिलाहि माझी ना नाहीं. पण त्यांतील एखादी सकाळ आजीच्या घरीं, तिच्या स्वयंपाकघरांत घालवावी आणि तिला तिच्या स्वतःच्या लग्नाची हकीकत सांगूं द्यावी. असें चित्रण मीं एकाच घरीं पाहिलें आहे. सिंहगडावरचें चित्र कोणीं दुसऱ्यांदा लावलें नाहीं. आजीचें सतत लागत होतें.

यंत्र केव्हां खालीं करावें हेंहि ठरवून ठेवलें पाहिजे. झालीच्या वेळीं आणि पाठवणीच्या वेळीं आई रडते. तें रडणें कांहीं पावलांवरून, न बोलतां टिपलें तर शोभतें. तोंडावर दिवा धरून टिपलें तर तो अत्याचार होय. आईलाच आधीं विचारावें आणि ती नको म्हणाली तर तेथें विषय संपवावा. हळदीचीं व न्हाण्याचीं चित्रें घराबाहेर जाऊं नयेत. चित्रण करणारे आपल्या कामाचा नमुना म्हणून असे प्रसंग जगापुढें मांडतात. तसें करावयाचें असल्यास वधूवरांची लेखी संमति लागेल, असें करारांत घालावें. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानें, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक तें करवून घेणारा असतो. मात्र करारांत विरुद्ध कांहीं लिहिलेलें नसावें. म्हणून सही करण्यापूर्वीं बारीक अक्षरेंहि वाचावींत. आकाशयंत्राचा हट्ट असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें त्या जागीं परवानगी लागते काय, आणि लागत असल्यास ती कोणीं काढली, हें विचारावें. लोहगांवचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, तेव्हां आपल्या शहरांत याबाबतींत "चालतें हो" म्हणून भागत नाहीं.

करारांत आणखी एक वाक्य घालावें, आणि मला वाटतें तेंच सर्वांत महत्त्वाचें: कापून जोडून तयार केलेल्या फितीखेरीज सर्व मूळ चित्रण, त्याच्या मूळ आवाजासह, आम्हांस मिळावें. अग्रिम देण्यापूर्वींच हें बोलावें. मागून मागितलें तर "तें पुसलें गेलें" असें उत्तर येतें. जोडफितीवर मुलांना हवें तें गाणें घालूं द्या. मूळ आवाज घरीं असला म्हणजे पुरे.

तो टिकवावयाचा कसा? पुण्यास चित्रें जपण्याचें मोठें ठिकाण आहे. १९६४ सालीं येथें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तरी २००३ सालच्या जानेवारींत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील कोठीस आग लागून जुन्या नायट्रेट फितींचा मोठा ठेवा जळाला. जेथें जपणें हेंच काम, तेथें ही गत. मग आपल्या कपाटांतील वस्तूंचें काय? १९८५-९० च्या सुमाराच्या लग्नांच्या व्हीएचएस फिती कित्येक घरीं अद्याप माळ्यावर आहेत. तीं यंत्रें करणाऱ्या जपानांतील अखेरच्या कारखान्यानें २०१६ सालीं तें काम थांबविलें, आणि पुण्याच्या पावसाळ्यांत फितींवर बुरशी धरते. ज्यांच्या घरीं त्या असतील त्यांनीं यंदाच त्या उतरवून घ्याव्यात. नव्या चित्रणाच्या दोन प्रती निरनिराळ्या तबकड्यांवर, दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्यात, एक माहेरीं व एक सासरीं; आणि दर दिवाळींत एकदां लावून पाहाव्यात.

फीत आल्यावर पहिल्या रविवारीं आजीला शेजारीं बसवून ती सबंध पाहावी आणि हातांत वही घ्यावी. वहींत तीन रकाने पाडावेत: किती मिनिटांनीं, कोण, आणि नात्यानें कोण. जी बाई उजव्या कोपऱ्यांत हिरव्या शालूंत उभी आहे ती वधूच्या आजोबांची मामेबहीण, हें आज आजीला सांगतां येतें. ती वही त्या तबकडीबरोबरच, एकाच पेटींत ठेवावी.